गाळलेली ओळ

जानेवारीत आलेल्या पत्राला आर्विड हॉगेननं सप्टेंबर लागला तरी उत्तर दिलं नव्हतं. पत्र त्यानं जगाच्या नकाशांच्या जाडजूड पुस्तकात ठेवलं होतं, आणि तेही दक्षिण महासागराच्या पानांत, जिथं त्याचं सहसा जाणं होत नसे. पण लपवलेल्या वस्तूची जागा माणूस विसरत नाही. ते पुस्तक असलेल्या कपाटापुढून जाताना तो रोज थोडा वळसा घालून जाई.

पत्र लव्हर्न कोस्की नावाच्या एका आंधळ्या बाईचं होतं. तिनं ते आपल्या जुन्या टाइपरायटरवर स्वतः टाइप केलं होतं. पहिलं पान काळंभोर उमटलं होतं. दुसऱ्या पानावर अक्षरं फिकी होत गेली होती आणि शेवटच्या चार ओळींत शाईच नव्हती. रिबीन वाळली होती आणि तिला ते कळायला मार्ग नव्हता. कोऱ्या दिसणाऱ्या कागदावर अक्षरांचे नुसते वळ उठले होते. आर्विडनं कागद खिडकीपाशी तिरपा धरला, तेव्हा त्या ओळी त्याला वाचता आल्या. सगळं पत्र त्या चार ओळींसाठीच लिहिलेलं होतं.

आणि उत्तर न देण्याची सोयही त्यांच्यातच होती. त्या मला दिसल्याच नाहीत, असं म्हटलं की सुटला.

आर्विड त्र्याहत्तर वर्षांचा, एकटा. अमेरिकेतल्या डुलुथ शहरात, चढावरच्या एका घरात वरच्या मजल्यावर तो आणि त्याची पुस्तकं, खालच्या मजल्यावर त्याची धाकटी विधवा बहीण सिग्ने. चाळीस वर्षं त्यानं एका लहान साप्ताहिकात वाचकांच्या पत्रांचं सदर सांभाळलं होतं. लोक काय काय लिहीत! शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल, नव्या पाद्र्याबद्दल, कुणाच्या सुनेबद्दल. आर्विड पेन्सिल घेऊन बोचरी ओळ काढून टाकायचा आणि मागचं-पुढचं वाक्य असं सांधायचा, की लिहिणाऱ्यालाही पत्ता लागू नये. आपल्यामुळे कुणी दुखावलं नाही, एवढ्यावर तो रात्री झोपत असे. बाकी आयुष्यात आपण काही केलं असं त्याला वाटत नव्हतं.

निवृत्तीनंतर सिग्नेनंच त्याला अंधांच्या संस्थेत लोटलं. तिथं फोनवरून डोळे उसने देण्याचं काम होतं. आंधळा माणूस आपल्या फोनचा कॅमेरा समोरच्या वस्तूवर धरतो. इकडे स्वयंसेवकाला ती आपल्या पडद्यावर दिसते आणि तो सांगतो. पाकिटावरची तारीख, हरवलेली किल्ली, औषधाच्या गोळीचा रंग. काम बघणारी मर्ना टक्काला स्वतः जन्मांध. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं, "दिसतं ते सांगायचं. सगळं सांगायचं. मत विचारलं तरच द्यायचं. आणि आता रस्ता ओलांडा, असं कुणालाही कधीही म्हणायचं नाही. गाड्या कुठं आहेत ते सांगा, पाय टाकायचा की नाही ते ज्याचं तो बघेल."

लव्हर्न दर गुरुवारी दहाला फोन करी आणि आर्विडलाच मागून घेई. जिल्हा न्यायालयाच्या तळमजल्यावर तिनं सव्वीस वर्षं कॉफीचं दुकान चालवलं होतं. न्यायाधीश खोकल्यावरून ओळखायची, वकील पावलांवरून. छापील मजकूर तिचा फोन तिला वाचून दाखवी; पण हाताचं अक्षर त्या यंत्राला लागत नसे, आणि तिच्या गोतावळ्यातली म्हातारी माणसं अजून हातानंच लिहीत.

"कोण, आर्विड का? डोळे धुवून बसलात ना?"

"बसलो."

"मग सांगा, हे मोजे एका जोडीचे आहेत का?"

"एक निळा आहे. एक काळा."

"चालेल. ज्यांना दिसतं त्यांनी त्रास करून घ्यावा."

त्या गुरुवारांची तो वाट बघायचा. समोरासमोर त्याला कुणाशी चार वाक्यं धड बोलता येत नसत. पण तिच्या टेबलावरचं एखादं पत्र, एखादी बशी डोळ्यांपुढे असली की शब्द आपोआप सापडत.

मागच्या ऑक्टोबरात एका गुरुवारी तिनं टेबलावर एक कागद पसरला. "माझ्या भावाचं पत्र आहे. एनोचं. पाच वर्षांत पहिलं. वाचा."

"फोन जरा वर घ्या. डावीकडे. हां."

एनो पलीकडे मिशिगन राज्याच्या हद्दीत, आयर्नवुड गावाला. आर्विड वाचू लागला. 'लव्हर्न, मी इस्पितळात आहे. पोटाचंच दुखणं. डॉक्टर आपलं काम करताहेत. गाई विकल्या, वाफेच्या न्हाणीची सौना तेवढी ठेवलीय. यायचं असेल तर पर्ला तुला बसथांब्यावर घ्यायला येईल.' पर्ला म्हणजे एनोची मुलगी. पुढची ओळ आर्विडच्या डोळ्यांपुढे आली आणि तो थांबला. तिथं लिहिलं होतं: 'नशीब तू ठार आंधळी आहेस, चिचुंद्रे. माझं आताचं थोबाड बघितलं असतंस तर आल्या बसनं परत पळाली असतीस.'

"का थांबलात?" लव्हर्ननं विचारलं.

"अक्षर... अक्षर लागत नाहीये."

"एनोचं अक्षर? शाळेत त्याला अक्षराचं बक्षीस होतं हो!"

"कागद चुरगळलाय जरा," आर्विड म्हणाला आणि पुढच्या ओळीवर गेला. 'जमत नसेल तर राहू दे. एनो.'

पडद्यावर लव्हर्नचा हात कागदावरून फिरला.

"एवढंच?"

"एवढंच."

"भाडेकरूला नोटीस देतात तसं लिहिलंय मेल्यानं," लव्हर्न म्हणाली. "ठीक आहे. नोव्हेंबरातलं थँक्सगिव्हिंग झालं की बघू."

त्या दिवशी आर्विडला समाधान वाटलं होतं. आजारी माणसानं चिडून लिहिलेला एक घाव आपण एका भल्या बाईपर्यंत पोचू दिला नाही. अकराव्या दिवशी एनो गेला.

जानेवारीतलं पत्र आलं ते संस्थेमार्फत, बंद पाकिटात. लव्हर्ननं लिहिलं होतं, की दफन झाल्यावर सगळे कॉफीला बसले असताना तिनं ते पत्र पिशवीतून काढून पर्लाला वाचायला दिलं. 'तुम्ही जिथं थांबला होता तिथं ती थांबली नाही. वाचलं आणि सगळे हसले, कारण सगळे एनोला ओळखत होते. मी एकतीस वर्षांची असताना माझे डोळे गेले. तेव्हापासून सारं गाव माझ्याशी आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं हळू बोलायला लागलं. एकटा एनो पूर्वीसारखा मला शिव्या घालत राहिला. पुढं गोठ्याच्या वाटणीवरून आमचं बिनसलं, तेव्हापासून त्याच्या शिव्याही बंद झाल्या. ती ओळ ऐकली असती तर मी त्याच दुपारची बस धरली असती. ती ओळ म्हणजेच पत्र होतं. बाकीचं त्यानं कागद भरायला लिहिलं होतं.'

आणि मग त्या शाई नसलेल्या ओळी: 'तुम्ही वाईट नाही हे मला ठाऊक आहे. पण दोन वर्षं मी तुमच्या डोळ्यांनी बघितलं. आणखी काय काय गाळलंत किंवा बदललंत ते सांगा. नाहीतर त्या दोन वर्षांत मी पाहिलेलं काहीच माझं राहत नाही.'

आर्विडनं मर्नाला फोन करून सांगितलं, की आपले डोळे फार दुखतात, आता काम जमणार नाही. त्यानंतर नऊ महिने तो उत्तर लिहीत होता. टाइप करायचा आणि फाडायचा. मुळात काढून टाकण्याचा हात. पहिल्या खर्ड्यात जे असे ते दुसऱ्यात मऊ होई, पाचव्यात इतकं गुळगुळीत होई, की वाचणाऱ्याला वाटावं, या गृहस्थानं काही केलेलंच नाही.

सिग्ने सफरचंदं घेऊन वर आली तेव्हा टोपली कागदांनी भरली होती.

"प्रेमपत्र लिहितोयस की मृत्युपत्र?"

"काही नाही गं."

"काही नाही त्याला एवढे कागद लागत नाहीत." ती समोरची खुर्ची ओढून बसली. नऊ महिने ज्या पत्राबद्दल तो एक शब्द बोलला नव्हता, ते नकाशांच्या पुस्तकातून काढून त्यानं तिच्या हातात दिलं. सिग्नेनं चष्मा लावून वाचलं. शेवटच्या ओळींपाशी तिनंही कागद खिडकीकडे तिरपा केला.

"मग? आणखी काय काय गाळलंस?"

"एक तपकिरी कोट होता. अजून बरा दिसतो का म्हणाली. कोपरं पार विरली होती. मी म्हटलं, छान आहे."

"पुढं."

"लग्नाला निघाली होती कुणाच्या. दाताला लिपस्टिक लागली होती."

"आणि तू तिला तशीच जाऊ दिलीस? आर्विड!"

"मला कसं बोलावं ते सुचेना. बाईमाणसाच्या ओठांबद्दल..."

"आणखी?"

आर्विडनं सफरचंद हातात घेतलं, फिरवलं, परत ठेवलं. "एक फोटो. तिच्या आईचा. तो मला सांगवणार नाही."

सिग्नेनं जरा वेळ त्याच्याकडे बघितलं. "मला पण आयुष्यभर असंच सांगत आलास का रे तू? माझ्या लग्नातला झगा कसा होता?"

"चांगला होता."

"आर्विड."

"पडद्याच्या कापडासारखा दिसत होता," आर्विड पुटपुटला.

सिग्नेनं तोंडावर हात ठेवला. मग ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "पडद्याचंच कापड होतं ते! सासूनं शिवून घेतला होता. सदतीस वर्षं मी वाट बघतेय कुणीतरी म्हणेल म्हणून." डोळे पुसत ती उठली. "आता त्या बाईला लिही. आणि तुझ्या त्या यंत्रावर नको लिहूस. त्याच्यावर तू सत्याला इस्त्री करत बसतोस."

हातानं लिहिलं तर ते तिला तिसरंच कुणी वाचून दाखवणार. टाइप केलं तर फोन वाचेल, पण पान वाकडं पडलं की तोही ओळी सोडतो. म्हणजे परत तिच्या मनात तेच, की मधलं काही गेलं का. मध्ये कुणी नकोच. हे लक्षात यायला आर्विडला आणखी दोन दिवस लागले. मग त्यानं मर्नाला फोन केला.

"काय हो, डोळे बरे झाले?" मर्ना म्हणाली.

"डोळ्यांना काही झालं नव्हतं."

"ठाऊक आहे. डोळे दुखणारा माणूस इतकं ओशाळून बोलत नाही. कामावर परत येताय?"

"नाही. म्हणजे... आत्ता नाही. मला ब्रेल शिकवाल का?"

"कशाला? तुम्हाला चांगलं दिसतंय."

"एक पत्र लिहायचंय."

कुणाला, हे मर्नानं विचारलं नाही. "मंगळवारी सकाळी या. जाड कागद आणा. आणि नखं कापून या, लिहायचा टोचा निसटला की बोटात शिरतो."

ब्रेल लिहायची पाटी म्हणजे खिडक्या-खिडक्यांची एक धातूची पट्टी. तिच्यात कागद अडकवायचा आणि टोच्यानं एकेक ठिपका दाबायचा. ठिपके कागदाच्या मागच्या बाजूला उठतात, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर उलटं. जन्मभर अक्षरांत घालवलेला आर्विड पहिल्या मंगळवारी आपलं नावही लिहू शकला नाही.

"हे काय लिहिलंय?" मर्नानं त्याच्या कागदावरून बोट फिरवलं. "आर्विड की बटाटा?"

"चूक झाली तर खोडायचं कसं?"

"ठिपका नखानं दाबून सपाट करायचा. पण माझ्या बोटाला कळतंच. इथं काहीतरी होतं आणि कुणीतरी ते मोडलंय, एवढं तरी कळतंच." तिनं त्याच्या पहिल्या ओळीवर बोट टेकवलं. "हे बघा, इथं तुम्ही दोनदा मन बदललंत."

आर्विडनं तिथं स्वतःचं बोट फिरवून बघितलं. त्याला काहीच लागलं नाही.

ऑक्टोबर गेला. शहराला लागून असलेल्या सरोवरावरून येणारा वारा बोचरा झाला. पुलाखालून खनिजाची जहाजं जात, त्यांचे भोंगे वरपर्यंत ऐकू येत. सकाळी न्याहारी उरकली की आर्विड टेबलाशी बसे आणि दुपारपर्यंत फार तर आठ ओळी होत. इतक्या हळू लिहिताना खोटं लिहिणं अवघड जातं, हे त्याला नवीन होतं. एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यानं दाबायचं, म्हणजे ते लिहावं की नाही याचा विचार करायला प्रत्येक अक्षराला वेळ मिळतो. आणि तेवढा वेळ मिळाल्यावर मऊ शब्द लाजून मागे सरकतात.

त्यानं लिहिलं: 'तुमच्या भावाची ओळ मला दिसली होती. अक्षर स्वच्छ होतं. मला वाटलं तुम्ही दुखावाल. मी तुम्हाला विचारलं नाही. तुमची शेवटची भेट माझ्यामुळे हुकली.' मग कोट. मग लिपस्टिक. दोन वर्षांतलं आठवेल ते सगळं, बारीकसारीक एकवीस गोष्टी. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा ओलीचा डाग त्यानं सांगितला नव्हता. चर्चमधल्या एका बाईनं वाढदिवसाच्या कार्डावर तिचं नाव चुकीचं लिहिलं होतं, ते त्यानं बरोबर करून वाचलं होतं.

एकवीस झाल्या आणि तो थांबला. खाली सही केली. कागदांची चळत नीट केली. बाविसावी राहिली होती.

तो फोटो लव्हर्नला एका खोक्यात सापडला होता. मागे आईचं नाव नि साल होतं. "आई हसतेय का हो?" तिनं विचारलं होतं. आर्विडनं बघितलं. आणि म्हणाला होता, "हसतेय." तेव्हा लव्हर्न एकदम हळू बोलली होती. "बरं झालं. मला वाटायचं, ती कधी हसलीच नाही." तिनं तो फोटो चौकटीत बसवून घेतला आणि दारासमोर लावला. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, ही माझी आई, बघा कशी हसतेय. येणारेही सगळे आर्विडसारखेच सभ्य असणार.

तीन दिवस पत्र टेबलावर पडून राहिलं. हे एक राहू द्यावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. मेलेल्या बाईचं हसू. कुणाचं काय जातंय? पण तसं वाटताच त्याला मागच्या वर्षीचा, एनोच्या पत्राचा तो गुरुवार आठवे. तेव्हाही असंच, अगदी मनापासून वाटलं होतं.

चौथ्या सकाळी त्यानं नवा कागद अडकवला आणि डोळे मिटून तो फोटो पुन्हा समोर आणला. त्या वेळी हसू सांगायची इतकी घाई झाली होती, की बाकीचं त्यानं सांगितलंच नव्हतं. आता तो उजवीकडून डावीकडे, एकेक ठिपका दाबत लिहू लागला.

'तुमची आई फोटोत हसत नाही. ओठ मिटलेले आहेत. ती कॅमेऱ्याकडे बघत नाही, उजवीकडे कुठंतरी बघते आहे. बाही कोपरापर्यंत दुमडलेली. शेजारी चार-पाच वर्षांची मुलगी उभी आहे, केस अगदी आखूड, एका पायात बूट नाही. आईनं डाव्या हातानं तिचा दंड धरला आहे. इतका घट्ट, की बाहीचं कापड बोटांखाली गोळा झालं आहे. ते रागानं की मायेनं, ते मला सांगता येत नाही. दिसतं ते लिहिलं.'

शेवटचा ठिपका दाबल्यावर त्यानं कागद उलटा केला आणि ओळींवरून बोट फिरवलं. एके ठिकाणी, 'हसत नाही'पाशी, त्याला एक सपाट जागा लागली. तिथं त्याचा हात थबकला होता आणि त्यानं एक ठिपका मोडला होता. तिला ते कळणार. कळू दे, असं म्हणून त्यानं कागद तसाच ठेवला.

पोस्टात रांग नव्हती. खिडकीमागच्या माणसानं जाड पाकीट हातात घेऊन बोटांनी चाचपलं. "ब्रेल दिसतंय. आंधळ्यांच्या पत्राला तिकीट लागत नाही." मग त्यानं मान वर करून आर्विडकडे बघितलं. "तुम्ही आंधळे आहात?"

"नाही."

"मग लिहिलंय कुणी?"

"मी."

"तुम्हाला दिसतं?"

आर्विडनं जरा विचार केला. "हो," तो म्हणाला. "दिसतं."

"मग लागेल. नियम आहे. त्यांनी तुम्हाला लिहिलं तर फुकट, तुम्ही त्यांना लिहिलंत तर तिकीट."

"बरोबर आहे," आर्विड म्हणाला आणि तिकिटं घेतली. ती त्यानं नीट, सरळ रेषेत चिकटवली.

"दाबू नका त्याला शिक्का मारताना. ठिपके बसतील."

"वर वेगळं ठेवतो, काका. काळजी नको."

तो माणूस पाकीट आतल्या टेबलावर ठेवायला निघाला, तेव्हा आर्विडनं खिडकीच्या कडेवर हात ठेवला. हाक मारून पाकीट परत मागावं, शेवटचं पान काढून घ्यावं, असं त्याला अजूनही वाटत होतं. त्यानं हात काढून कोटाच्या खिशात घातला. माणसानं पाकीट बाजूच्या टोपलीत अलगद, सगळ्यांच्या वर ठेवलं आणि पुढच्या बाईला हाक मारली.